कूलरच्या पाण्यानं खाल्लेला एसी

एसीच्या बाहेरच्या युनिटला गंज लागतो, ही तक्रार मी आजवर फक्त मुंबई-रत्नागिरीच्या नातेवाइकांकडून ऐकली होती. त्यांच्याकडे खारी हवा, तीन-चार वर्षांत पत्र्याची चाळण होते वगैरे. जळगावपासून समुद्र जवळपास तीनशे किलोमीटर. एप्रिल-मेमध्ये इथली हवा अशी कोरडी की गच्चीवर टाकलेली चादर चहा होईपर्यंत वाळते. इथे लोखंड गंजलं तरी पावसाळ्यात गंजेल, ॲल्युमिनियम-तांब्याला काय होणार, असं सगळेच धरून चालतात. आमचं युनिट जेमतेम पाच-सहा वर्षांचं. त्याची कॉईल, म्हणजे गॅस फिरतो ती नळ्यांची जाळी, गंजानं फुटली आहे हे मेकॅनिकनं सांगितलं तेव्हा माझा पहिला प्रश्न हाच होता की, इथे खारी हवा आली कुठून?

सुरुवात आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आसपास झाली. बहीण माहेरी आलेली, तिची पोरं, आमची पोरं, दुपारी सगळा गोतावळा एसीच्या एकाच खोलीत. पारा ४३-४४ च्या पुढे. एसी चालू, पंखा चालू, पण खोली काही गार होईना. बायको म्हणाली, माणसंच जास्त झाली. भाऊजी म्हणाले, उन्हाळाच असा आहे. दोन्ही गोष्टींत तथ्य होतं. एसीवर जी टनाची क्षमता लिहिलेली असते ती बाहेर ३५ अंश धरून मोजलेली असते, आपल्याकडे दुपारी त्याच्यापुढे दहा अंश असतात, मग यंत्र कमी पडणारच. पण रात्री अकरालाही तेच. मी गॅलरीतून वाकून बाहेरच्या युनिटकडे पाहिलं तर व्हॉल्व्हजवळच्या बारीक पाइपवर पांढरा बर्फ जमलेला. एवढ्या उकाड्यात बारीक पाइप गोठला म्हणजे बहुतेक वेळा गॅस कमी झालेला असतो.

आदल्या उन्हाळ्यातही असंच झालं होतं. तेव्हा एक जण आला, बाहेरच्या युनिटवर कसलंसं केमिकल फवारलं, जाळीतून फसफसून पांढरा फेस बाहेर आला, "बघा किती घाण होती," म्हणाला, गॅस भरला आणि पैसे घेऊन गेला. तो फेस नेमका कशाचा होता हे मला नंतर कळलं. तसल्या बऱ्याच केमिकलमध्ये कॉस्टिक असतं. कॉस्टिक ॲल्युमिनियमला लागलं की हायड्रोजन सुटतो आणि त्यामुळे फेस फुगतो. घाण निघते हे खरं, पण घाणीबरोबर थोडा धातूही जातो. दिसायला मात्र एकदम चकाचक.

या खेपेला ओळखीतून एका जुन्या मेकॅनिकला बोलावलं. सगळे त्यांना आप्पा म्हणतात. वय साठीच्या पुढे, हयात कोल्ड स्टोरेजच्या आणि दुकानांच्या फ्रीजरच्या कामात गेलेली. त्यांनी आल्याबरोबर दाब मोजायचं गेज लावलंच नाही. आधी विचारलं, "मागे गॅस कधी भरला होता?" मी सांगितलं. तर म्हणाले, "मंग लीक काढलाच नाही ना भो त्यानं. गॅस काय पेट्रोल आहे का, जाळला नि संपला?"

गोष्ट सोपी आहे, पण निम्म्या लोकांना कुणी सांगत नाही. एसीतला गॅस बंद नळ्यांतून फिरत राहतो, तो वापरून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठून तरी गेला. दरवर्षी गॅस भरणं ही सर्व्हिसिंगची बाब नाही, ते गळक्या टाकीत पाणी ओतणं झालं.

बाजूचं झाकण उघडायलाच बराच वेळ गेला. स्क्रूंची डोकी गंजून गुळगुळीत झालेली, पेचकस फिरत राहायचा. गंज सोडवणारा स्प्रे मारून थांबलो, एक-दोन निघाले, एक ड्रिलनं उडवावा लागला. आप्पा म्हणाले, स्क्रू असे असतील तर आत काय असेल ते ओळखा.

मागच्या बाजूला, भिंतीकडच्या खालच्या कोपऱ्यात त्यांनी मला बोट लावायला सांगितलं. कॉईलच्या त्या पातळ पट्ट्या, ज्यांना ते फिन म्हणतात, वरच्या भागात निळसर आणि ताठ होत्या. खालच्या वीतभर पट्ट्यात रंग करडा-पांढरा पडलेला. बोट टेकवलं तर उन्हात वाळलेल्या बिबड्यासारख्या, म्हणजे ज्वारीच्या पापडासारख्या मोडून हातात भुगा आला. भुगा हलका, पिठूळ, हाताला खडूसारखा. आतल्या तांब्याच्या नळ्या उघड्या पडलेल्या, आणि कडेला जिथे नळी वळून परत आत जाते त्या वळणावर हिरवा डाग. डागाखाली बोटभर तेलकट ओल आणि त्यावर धूळ चिकटलेली. आप्पा म्हणाले, साबण लावायची गरजही नाही, तेल सांगतंय. गॅसबरोबर कंप्रेसरचं थोडं तेल सगळ्या नळ्यांतून फिरत असतं, त्यामुळे गॅस निसटतो तिथे तेल दिसतं. तरी त्यांनी ब्रशनं साबणाचं पाणी लावलं. बारीक बुडबुडा आला, फुटला, परत आला.

हे कशानं झालं, हा माझा प्रश्न त्यांनी बाजूला ठेवला. आधी मला वर बघायला लावलं. आमचं घर दुमजली. खाली आम्ही, वर काका-काकू. आमच्या युनिटच्या बरोबर वर, वरच्या खिडकीला काकांचा लोखंडी कूलर. तिथून युनिटपर्यंत भिंतीवर पांढरा ओघळ उतरलेला, चुन्यासारखा. मी तो ओघळ कितीतरी वर्षं पाहत आलो होतो. भिंतीचा चुना समजत होतो, आमच्याकडे सगळेच तसं समजायचे.

खानदेशात कूलरबद्दल कुणाला सांगायला नको. मार्च लागला की गच्चीवरून कूलर उतरतो, ट्रेला आतून डांबराचा काळा हात मारला जातो, वाळ्याच्या किंवा लाकडाच्या बारीक छिलक्यांच्या जाळ्या बदलल्या जातात. ट्रे गंजतो हे आपल्या आजोबांनाही ठाऊक होतं, म्हणून तर डांबर. पण ते पाणी ट्रेबाहेर पडून दुसऱ्या कशावर पडलं तर काय, हा विचार होत नाही. पूर्वी खाली अंगण असायचं, आता खाली एसीचं युनिट असतं.

आमच्याकडे नळाचं पाणी पिण्याला आणि स्वयंपाकाला, बाकी सगळ्याला बोअर. आरओवाल्याकडे टीडीएस मोजायचं पेनासारखं मीटर असतं, तसं एक मी मागवलं. पाण्यात विरघळलेले क्षार ते ढोबळमानानं सांगतं. बोअरचं पाणी अकराशेच्या आसपास. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ५०० पर्यंत चांगलं, दुसरी सोय नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात, म्हणजे आमचं बोअर काही फार वाईट नाही. मग काकूंकडून कूलरच्या ट्रेमधलं पाणी वाटीत आणलं. मीटर चार हजारांच्या वर गेलं.

कारण साधं आहे, शाळेत शिकलेलंच. कूलरमध्ये नुसतं पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. फ्लोट व्हॉल्व्ह खाली गेला की नवीन पाणी येतं, तेही क्षार घेऊन. दोन-अडीच महिने रोज हेच. ट्रे कुणी रिकामा करत नाही, पाणी वाया घालवायची आपल्याकडे कुणाची छातीही होत नाही. मेपर्यंत ट्रेमध्ये जवळजवळ मिठाचं पाणी तयार होतं. तेच थेंब-थेंब खाली पडतं, तापलेल्या युनिटवर चटकन वाळतं, क्षार पट्ट्यांच्या मधे अडकून बसतात, पुढच्या थेंबानं पुन्हा ओले होतात.

त्यातले क्लोराइड ॲल्युमिनियमवरचा संरक्षक थर भेदतात आणि बारीक खड्डे पाडतात. शिवाय तांब्याची नळी आणि ॲल्युमिनियमची पट्टी एकमेकांना चिकटून असतात. दोन वेगळे धातू आणि मधे खारं पाणी असलं की बॅटरीसारखी क्रिया सुरू होते, आणि त्यात ॲल्युमिनियम बळी जातं. म्हणून पट्ट्या आधी गेल्या, तांबं नंतर. युनिट घेताना दुकानदारानं निळ्या कोटिंगचं मोठं कौतुक केलं होतं. ते कोटिंग खोटं नाही, पण ते पत्र्यावर आधी असतं आणि पत्रा नंतर कापतात, त्यामुळे कापलेल्या कडा उघड्याच राहतात. खारं पाणी तिथूनच शिरतं.

आता काकांना सांगायचं कसं, हा एसीपेक्षा नाजूक मामला. काका कूलरचे कट्टर. एसीत अंग आखडतं, कूलरची हवा मोकळी, हे त्यांचं ठाम मत, आणि दुपारी दीडला खिडकीजवळ त्यांचा पलंग. मी वर गेलो, मीटर दाखवलं, वाटी दाखवली, हातातला भुगा दाखवला.

काका म्हणाले, "म्हणजे आमच्या पाण्यानं तुझं लोखंड खाल्लं म्हणतो? अरे, आम्ही जनम गेला हेच पाणी पेलो ना भो. आम्हाले नाही खाल्लं ते!"

काकू आतून म्हणाल्या, "तुमचे दात पाहा आधी."

पुढचं सगळं काकूंनीच मार्गी लावलं. ट्रेच्या तळाला एक भोक होतं, ते एम-सीलनं दोनदा बुजवलेलं आणि दोन्ही वेळा सुटलेलं. त्या ठिकाणी वेल्डिंगवाल्याकडून पट्टी मारून घेतली, मग डांबर. कूलरखाली एक पसरट पत्र्याचा ट्रे, त्याला पाऊण इंची पाइप, पाइप भिंतीनं फिरवून सरळ गटारीकडे. आणि रविवारी सकाळी कूलरचं सगळं पाणी सोडून द्यायचं, नवं भरायचं. त्यानं जाळ्याही कडक होत नाहीत, हे काकूंच्याच लक्षात आलं. त्या सोडलेल्या पाण्यानं आता पोर्च धुतला जातो. झाडांना मात्र घालू नका, एक मोगरा त्यापायी गेला.

युनिटचं काम अर्थातच एवढ्यानं संपत नव्हतं. आप्पांनी तीन रस्ते सांगितले. एक, फुटलेलं वळण झाळून बंद करायचं आणि चालवायचं. दोन, पूर्ण कॉईल बदलायची. तीन, नवीन एसी. कॉईलसाठी कंपनीच्या सर्व्हिसला विचारलं. नव्या एसीच्या निम्म्याच्या आसपास आकडा, वर डेपोतून यायला किती दिवस ते सांगता येणार नाही, असं उत्तर. वॉरंटी कार्ड काढून वाचलं. कंप्रेसरची दहा वर्षं ठळक अक्षरात, आणि क्षारांमुळे, रसायनांमुळे झालेला गंज वगळून, हे बारीक अक्षरात. वाद घालण्यासारखं काही नव्हतंच, तिथे लिहिलेलं होतं. मेचा महिना, घरात पाहुणे, आणि बाकी यंत्र ठणठणीत. झाळायचं ठरवलं.

हे काम मी शेजारी उभं राहून पाहिलं, आणि इथेच जुना माणूस आणि नुसता गॅस भरणारा यांच्यातला फरक दिसला. आमच्या एसीत आर-३२ गॅस आहे. हा थोडा पेट घेणारा असतो, म्हणून आत गॅस असताना जवळ ज्योत न्यायची नाही. आप्पांनी उरलासुरला गॅस रिकव्हरी सिलिंडरमध्ये ओढून घेतला, हवेत सोडला नाही. मग नळीतून नायट्रोजन सोडून सगळं धुऊन काढलं. तांबं घासून चकचकीत केलं, आणि झाळतानाही आतून नायट्रोजनची हलकी धार चालूच ठेवली. नाहीतर तापलेल्या तांब्याला आतून काळी पापडी धरते, ती सुटून पुढे बारीक वाटेत अडकते. झाळून झाल्यावर नायट्रोजननंच साधारण ४०० पीएसआय दाब भरला आणि गेज तसंच लावून घरी निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच वेळेला येऊन काटा पाहिला. त्याच वेळेला का, तर दुपारच्या उन्हात दाब आपोआप वाढतो आणि लीक असला तरी झाकला जातो. काटा जागेवर होता. मग नळ्यांतली हवा आणि ओल ओढून काढायला व्हॅक्यूम पंप बराच वेळ चालवला, आणि युनिटच्या पाटीवर जेवढे ग्रॅम लिहिलेत तेवढाच गॅस वजनकाट्यावर मोजून भरला. अंदाजानं, पाइपला हात लावून नाही.

एक गोष्ट त्यांनी दोनदा बजावली, ती इथेही लिहितो. दाब तपासायला कुणी ऑक्सिजनचा सिलिंडर आणला तर त्याला दारातूनच परत पाठवा. ऑक्सिजन आणि कंप्रेसरचं तेल दाबाखाली एकत्र आलं की स्फोट होतो.

पत्र्याचं आणि स्टँडचं काम मी स्वतः अंगावर घेतलं. युनिटचा तळ पाहिला तर पाणी निघून जायची भोकं कडुनिंबाच्या काड्यांनी आणि कबुतरांच्या गवतानं बुजलेली, वर चिखलाचा थर. पाणी तिथेच साचून तळपत्रा कंप्रेसरच्या पायाजवळ सोलवटला होता. भोकं मोकळी केली, तारेचा ब्रश, मग ८० नंबरचा पॉलिश पेपर. सुटा गंज पूर्ण निघेपर्यंत घासावं लागतं, वरून नुसता रेड ऑक्साइड फिरवून काही होत नाही, गंज आत चालूच राहतो. जो चिकटून बसलेला राहिला त्यावर गंज बदलणारं फॉस्फोरिक ॲसिडचं द्रावण लावलं, ते फक्त लोखंडी पत्र्यावर, कॉईलला थेंबही लागू दिला नाही. गंज काळा पडला. वाळल्यावर पुसून प्रायमर, मग इनॅमल. नवी पेठेतल्या रंगाच्या दुकानदारानं एक कामाचा सल्ला दिला, पत्रा तापलेला असताना ब्रश लावू नका. आमच्याकडे मेमध्ये सकाळी साडेनऊनंतर त्या पत्र्याला हात टेकवत नाही. तापल्या पत्र्यावर रंग वरून लगेच सुकतो, आतला कच्चा राहून फुगे येतात. त्यामुळे सहाला उठून आठच्या आत काम.

कॉईलला रंग लावायचा मोह बऱ्याच जणांना होतो. लावू नका. रंगानं पट्ट्यांमधली फट बुजते, उष्णता बाहेर पडायला आडकाठी होते, आणि एसीचं सगळं काम तेवढंच तर आहे. बाजारात कॉईलवर मारायचे गंजरोधक स्प्रे मिळतात. माझं मत असं की नवी कोरी, स्वच्छ कॉईल असेल तर कदाचित, पण क्षार बसलेल्या जुन्या पट्ट्यांवर ते मारणं म्हणजे आतला गंज आतच कोंडणं.

स्टँडचं मात्र पोटात गोळा आणणारं निघालं. युनिट तीसेक किलोचं. स्टँडच्या अँगलवर आप्पांनी हातोडीचा हलका ठोका मारला तर खणखणीत आवाज न येता बद्द आवाज आला आणि गंजाच्या पापड्या पडल्या. खालून पोरं सायकली काढतात. त्याच दिवशी युनिट दोरानं बांधून उतरवलं आणि एमआयडीसीतल्या फॅब्रिकेटरकडून नवा स्टँड करून घेतला. त्याला एवढंच सांगितलं की भोकं आधी पाड, वेल्डिंग आधी कर, मग रंग. तयार रंगवलेल्या अँगलला साइटवर भोक पाडलं की पहिला गंज त्या भोकातूनच सुरू होतो. भिंतीतले जुने फास्टनरही काढून नवे टाकले, पायाखाली रबरी पॅड.

त्या निमित्तानं युनिट कूलरच्या रेषेतून दोन हात बाजूला घेतलं. फार लांब नेता आलं नाही, तांब्याचा पाइप वाढवावा लागला असता आणि वाढीव पाइपागणिक गॅसही. पण थेंबाच्या वाटेतून तरी निघालं.

कॉईल धुवायला आता बोअरचं पाणी नाही. नळाचं पाणी, साध्या पाइपनं, आतून बाहेर. प्रेशर वॉशर जवळ नेला की पट्ट्या लोळतात. पावसाळ्यात एसीच्या आतल्या युनिटचं जे पाणी निघतं ते बादलीत धरून ठेवलं तर त्याहून बरं. मीटरवर ते पन्नासच्याही खाली होतं, कारण ते हवेतल्या बाष्पाचंच पाणी. मेमध्ये ते फारसं मिळत नाही, हवेत बाष्पच कमी असतं.

गल्लीतले दोघे-तिघे दुपारी बाहेरच्या युनिटवर पाइपनं पाणी मारतात. त्यानं थंडावा वाढतो, हे नाकारण्यात अर्थ नाही, गरम कॉईलवर पाणी उडालं की उष्णता पटकन निघते. पण ते बोअरचं पाणी असतं आणि वाळल्यावर जे मागे राहतं ते आमच्या कॉईलवर पाहून झालं. सावलीच हवी तर वर दोन फुटांवर शेडनेट बांधा, हवेची वाट मोकळी ठेवून. आम्ही तेच केलं. फरक थोडाच पडतो, पण त्याचा त्रास काही नाही.

मोडलेल्या पट्ट्या काही परत आल्या नाहीत. खालचा वीतभर भाग निकामीच आहे, त्यामुळे ऐन दुपारी एसी पूर्वीपेक्षा थोडा जास्त वेळ धापा टाकतो. गॅस मात्र एक पावसाळा आणि एक हिवाळा जाऊन टिकून आहे. मार्चमध्ये त्या पहिल्या फेसवाल्याचा फोन आला, वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट घ्या, त्यात एकदा गॅस फुकट. मी विचारलं, नायट्रोजनचा सिलिंडर आणतोस का? तो म्हणाला, "त्याची काय गरज पडत नाही, दादा." मी फोन ठेवला आणि वर जाऊन काकांच्या कूलरचं पाणी सोडलं. रविवार होता.